महासंगणक आणि उपनगरांतला पाऊस

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



महिन्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांनी घरी येऊन मला आज्ञा केली की, यंदाच्या संमेलनात संगणकांच्या नव्या घडामोडींवर चार शब्द बोलावेत. मी तत्काळ होकार दिला आणि मागाहून चिंतेत पडलो. या सभागृहात ऐंशी वर्षांच्या आजीबाई आहेत, तशीच आठवीतील मुलेही आहेत. आणि अनुभव असा की, या विषयात त्या मुलांना माझ्याहून अधिक कळते. तेव्हा दोघांनाही कंटाळा येऊ नये असे काय बोलावे, हा प्रश्न होता. शेवटी ठरविले की, आपल्या सर्वांच्या अंगावर एकदा कोसळलेल्या पावसापासूनच प्रारंभ करावा.

२६ जुलै २००५ हा दिवस येथील प्रौढ मंडळींपैकी कोणीही विसरलेले नाही. त्या वेळी मी अंधेरीस सीप्झमध्ये नोकरीस होतो आणि माझी कन्या अंधेरीच्याच एका महाविद्यालयात अकरावीत शिकत होती. दुपारी दोनच्या सुमारास आभाळ असे काळवंडले की कचेरीत दिवे लावावे लागले. चारनंतर गाड्या बंद, फोन बंद. मी कमरेएवढ्या पाण्यातून महाविद्यालयाकडे निघालो. रात्री साडेदहाला मुलगी भेटली. परंतु मुलुंडला परतण्याचा प्रश्नच नव्हता. मरोळच्या एका अनोळखी गृहस्थांनी आम्हां दोघांना घरात घेतले, कोरडे कपडे दिले, खिचडी वाढली. त्या घरचे ऋण मी आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी कुलाब्यास राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांशी कसाबसा संपर्क झाला. ते म्हणाले, "अहो, इकडे तर नेहमीसारखाच पाऊस होता." त्यांचे म्हणणे खरे होते. चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तर कुलाब्याच्या वेधशाळेने अवघा ७३. दोहोंमधील अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. मुंबईत त्या आपत्तीने चारशेंहून अधिक जीव घेतले.

घरी आल्यावर मुलीने मला विचारले, "बाबा, तुमचे एवढे संगणक आहेत, त्यांना हे आदल्या दिवशी कळले कसे नाही?" मी संगणकांवर पोट भरणारा मनुष्य, आणि मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी मी पुढे जे वाचले, ऐकले, पाहिले, तेच आज आपणांसमोर मांडीत आहे.

पावसाचे भाकीत कसे करतात? पृथ्वीच्या पृष्ठभागावर जाळे टाकल्याप्रमाणे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनावर हवेचे थर कल्पून, त्या त्या ठिकाणचे तापमान, दाब, बाष्प आणि वारा यांचे आकडे मांडतात. मग पदार्थविज्ञानाच्या नियमांनी काही मिनिटांनंतर ते आकडे काय होतील, हे काढतात. त्या उत्तरावरून पुढील काही मिनिटांचे. असे शेकडो वेळा केले म्हणजे उद्याचे हवामान हाती येते. यालाच गणिती प्रारूप म्हणतात. यात गूढ काही नाही. आहे ती केवळ अफाट आकडेमोड.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याने हाताने गणित करून सहा तासांच्या हवामानाचे भाकीत काढले. त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. परंतु त्याच ग्रंथात त्याने एक विलक्षण कल्पना मांडली. गोलाकार भव्य नाट्यगृहासारखी एक वास्तू आहे. तिच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविला आहे. आणि तीत ६४,००० माणसे बसून, आपापल्या भागाचे गणित करून, शेजाऱ्याला उत्तर दाखवीत आहेत. मध्यभागी उंच स्तंभावर उभा असलेला एक अधिकारी पुढे धावणाऱ्यांवर एका रंगाचा दिवा टाकतो व मागे रेंगाळणाऱ्यांवर दुसऱ्या. आज ज्याला समांतर संगणन म्हणतात, ते हेच. माणसांच्या जागी प्रोसेसर आले, इतकाच फरक.

आता जाळ्याचा चौकोन जेवढा मोठा, तेवढे भाकीत ढोबळ. २००५ मध्ये आपल्याकडे वापरात असलेल्या जागतिक प्रारूपांचे चौकोन एवढे मोठे होते की, कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्ही एकाच चौकोनात सामावत. ज्या गणिताला कुलाबा आणि सांताक्रूझ यांतील भेदच ठाऊक नाही, ते ७३ आणि ९४४ यांतील भेद कसा सांगणार? माझ्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे होते.

मग चौकोन लहान का करीत नाहीत? करता येतो, पण त्याची किंमत भारी आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय चौकोन लहान झाला की काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात, नाहीतर गणित बिघडते. म्हणजे काम आठपट वाढले. आणि हे सारे उद्याचा दिवस उजाडण्यापूर्वी व्हावयास हवे. परवा मिळालेले उद्याचे भाकीत काय कामाचे? म्हणून महासंगणक लागतो.

महासंगणक म्हणजे एकच प्रचंड बुद्धिमान यंत्र, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो हजारो सामान्य यंत्रांचा संघ होय. संघ म्हटला की त्याच्या अडचणीही आल्या, आणि त्या आपल्या मंडळाला नवीन नाहीत. काही वर्षांपूर्वी आपण सभासद कुटुंबांची परिचय-पुस्तिका काढली, तिचेच उदाहरण घेऊ. सोयीसाठी समजा, कुटुंबे चारशे आणि एक कार्यकर्ता दिवसाला दहा घरे करतो. एकट्याला चाळीस दिवस लागतील. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे एकेक कार्यकर्ता नेमला की दहा दिवस. चाळीस कार्यकर्ते मिळाले तर एकच दिवस. येथवर हिशेब सरळ आहे.

परंतु घाटकोपरहून बोरिवलीस राहावयास गेलेले कुटुंब दोन्हीकडे लिहिले जाते, किंवा दोन्हीकडे सुटते. म्हणून कार्यकर्त्यांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. महासंगणकातही हेच. एका चौकोनातील वारा शेजारच्या चौकोनात शिरतो, म्हणून प्रत्येक प्रोसेसरला पावलोपावली शेजाऱ्याला निरोप धाडावा लागतो. प्रोसेसर वाढले की निरोप वाढतात. आणि एका मर्यादेपलीकडे काम कमी व बोलणेच फार, अशी स्थिती येते. आपल्या कार्यकारिणीच्या सभेचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे अधिक फोडून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी अडचण अशी की, मुलुंडच्या कार्यकर्त्याच्या घरी लग्न निघाले. तिघांचे काम संपले, पण पुस्तिका अडली. सर्वांत मंद हाताच्या गतीनेच संघ चालतो.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे. सर्व याद्या आल्यावर त्या लावून मुद्रिते तपासण्याचे काम एकाच संपादकाचे, आणि त्याला चार दिवस लागतात. आता कार्यकर्ते चाळीस घ्या वा चारशे, पुस्तिका चार दिवसांच्या आत निघणे नाही. जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने १९६७ मध्ये हे तत्त्व मांडले. कामाचा जो अंश वाटता येत नाही, तोच शेवटी गती ठरवितो. दशांश काम एकट्याने करावयाचे असेल, तर लाख यंत्रे लावूनही दसपटीहून अधिक लाभ नाही. म्हणून महासंगणकाच्या विद्येत यंत्रे विकत घेण्याहून काम वाटावे कसे, हे जाणणारा मनुष्य दुर्मीळ असतो. माझ्या सांगण्यातले एवढे एकच वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

या विद्येत आपण कोठे आहोत? आपल्या मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये चालू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणात अवघे २,०४८ शब्द मावत. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. त्यानंतर मात्र मोठ्या यंत्रांसाठी आपण परदेशाकडेच पाहत राहिलो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवामानाच्या कामासाठी दिल्लीस अमेरिकेचा क्रे महासंगणक मिळाला. परंतु त्याहून शक्तिशाली यंत्रास तेथील शासनाने अनुमती दिली नाही, आणि जे मिळाले त्याच्या वापरावरही निर्बंध होते.

त्यातून १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याची धुरा आपल्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. तीन वर्षांच्या मुदतीत, १९९१ मध्ये, 'परम ८०००' उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर परदेशात बनलेले आणि विकत मिळणारे होते. आपले होते ते त्यांना एकत्र जोडण्याचे आणि त्यांच्यात काम वाटण्याचे शास्त्र. घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, त्याच वर्षी 'अनुपम' नावाचा समांतर संगणक तयार झाला. त्याची सुरुवात अवघ्या चार प्रोसेसरांनी झाली होती. पुढे २००७ मध्ये टाटा समूहाचा पुण्यातील 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर झळकला. पवईच्या आय.आय.टी.तून १९७८ मध्ये पदवी घेतलेले आणि १९८४ मधील आपल्या गणनपद्धतीमुळे जगभर गाजलेले नरेंद्र करमरकर यांचाही त्याच्या प्रारंभीच्या कार्यात सहभाग होता.

पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का'. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एकावर पंधरा शून्ये मांडून येणाऱ्या संख्येच्या पावणेबारा पट आकडेमोडी दर सेकंदाला. परम ८००० ची कमाल गती सेकंदाला सुमारे एक अब्ज होती. त्या हिशेबाने तेहतीस वर्षांत गती एक कोटीहून अधिक पटींनी वाढली. या अर्काच्या बळावर मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे प्रारूप कार्यान्वित झाले. पूर्वीचा चौकोन बारा किलोमीटरचा होता, तो सहाचा झाला. ज्या गणनेला प्रत्यूषवर दहा तासांपर्यंत लागत, ती आता सुमारे चार तासांत आटोपते. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये आता चार चौकोन मावतात.

यासोबत आणखी एक रीत आली आहे. एकच भाकीत न करता, आरंभीच्या आकड्यांत किंचित फरक करून तेच गणित अनेकदा करतात. आपल्याकडे २०१८ पासून अशी एकवीस भाकिते एकदम काढली जाऊ लागली. एकवीसांपैकी अठरांनी अतिवृष्टी सांगितली तर धोका मोठा; तिघांनीच सांगितली तर सावध राहावे. वेधशाळा जेव्हा 'शक्यता' हा शब्द वापरते, तेव्हा आपण हसतो. वस्तुतः त्या एका शब्दामागे एवढी यातायात असते.

आणि डोळे असल्याखेरीज गणित आंधळेच. २००५ मध्ये मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. कुलाब्याचे रडार त्यानंतर आले. आणि जानेवारी २०२२ मध्ये आपल्या अंधेरी-जोगेश्वरीच्या वेरावली टेकडीवर दुसरे रडार सुरू झाले. महापालिकेने अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले आहेत. २०२० मध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूरसूचना यंत्रणा सुरू झाली. पाऊस, भरती आणि नाल्यांची क्षमता यांचा मेळ घालून कोणत्या भागात पाणी साचेल, हे सांगण्याचा तीत प्रयत्न आहे.

मग आज तसा पाऊस आला तर कळेल काय? मुलीने हाही प्रश्न मला अलीकडेच विचारला. तिला आता स्वतःची मुले आहेत. मी तिला खोटा धीर दिला नाही. 'मुंबई-ठाण्यात अतिवृष्टी' एवढे आदल्या दिवशी कळण्याची शक्यता आज पुष्कळ अधिक आहे. परंतु मुलुंड की मालाड, तीन वाजता की सहा वाजता, हे आजही खात्रीने सांगता येणार नाही. पावसाचा एखादा ढग सहा किलोमीटरच्या चौकोनाहूनही लहान असतो. साऱ्या पृथ्वीसाठी चौकोन एक किलोमीटरचा करावयाचा, तर काम दोनशे सोळा पट वाढते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात पहिला ठरलेला कॅलिफोर्नियातील 'एल कॅपिटन' हा महासंगणक, एक कोटी दहा लक्ष गणन-गाभ्यांचा. पण एवढे काम त्यालाही सोपे नाही. यावर तोड म्हणून केवळ आपल्या प्रदेशापुरते बारीक जाळे टाकतात. तथापि भोवतालच्या मोठ्या जाळ्याचे उत्तर चुकले, तर तेही चुकते. आणि गणित अचूक आले तरी तुंबलेला नाला ते उपसून देत नाही, हेही विसरता कामा नये.

आता थोडे क्लाउडविषयी. क्लाउड म्हणजे मेघ. आणि मेघ म्हटले की आपल्या उपनगरांत उरात धडकीच भरते. पण हा मेघ आभाळात नसून जमिनीवर आहे, आणि पुष्कळसा आपल्या शेजारीच आहे. मुलुंडचा पूल ओलांडून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जा, अथवा पवईजवळ चांदिवलीस जा. खिडक्या नसलेल्या ज्या प्रचंड इमारती दिसतात, त्यांत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. परदेशाशी त्यांचा संबंध जोडणाऱ्या समुद्रतळावरील कित्येक तारा वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, त्याच वाळूवर आपण संध्याकाळी फिरावयास जातो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये ही संगणक भाड्याने देण्याची सेवा मुंबईतून सुरू केली.

तत्त्व साधे आहे. लग्नाची भांडी कोणी घरी ठेवीत नाही. लागतील तेव्हा भाड्याने आणतो. तसेच हे. जे काम करण्यासाठी पूर्वी एखाद्या राष्ट्रीय संस्थेत नोकरी मिळवावी लागे, ते आज बोरिवलीच्या दोन खोल्यांतून करता येते. विशेषतः जी.पी.यू. नावाचे प्रोसेसर, जे मुळात पडद्यावरील चित्रांसाठी निघाले आणि ज्यांत हजारो लहान हात एकाच वेळी काम करतात, ते आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा कणा झाले आहेत. २०२५ मध्ये शासनाने असे अडतीस हजार प्रोसेसर संशोधक, विद्यार्थी आणि नवउद्योजकांसाठी ताशी सुमारे ६५ रुपये दराने उपलब्ध केल्याचे जाहीर केले. मागील पिढीला हे स्वप्न वाटले असते.

परंतु भाड्याच्या भांड्यांत दोन धोके असतात. पहिला खर्चाचा. काम संपल्यावर यंत्र परत करावयास विसरलात, तर भाडे चढतच राहते. तरुण मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दुसरा मोठा आहे. भांडी ज्याची, त्याने नाही म्हटले तर काय? १९८०च्या दशकात आपण तो नकार ऐकला आहे. त्या वेळी आपण रडत बसलो नाही, कारण काम वाटण्याची विद्या जाणणारी माणसे आपल्यापाशी होती. आज मोठे प्रोसेसर अजूनही परदेशातूनच येतात. शिवाय या इमारतींना वीज आणि थंडावा अपार लागतो. एकट्या एल कॅपिटनला सुमारे तीस मेगावॉट वीज लागते. आपल्या शहराने हा भार कसा वाहावा, याचा विचार नागरिक म्हणून आपणही केला पाहिजे.

शेवटी मंडळासमोर एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी पुस्तके आणि शुल्क दिले जाते, ते योग्यच आहे. त्याच निधीतून प्रतिवर्षी एक लहानशी रक्कम, जो मुलगा किंवा मुलगी समांतर संगणनाचा काही प्रकल्प करील, त्याच्या यंत्रभाड्यासाठी राखून ठेवावी. विषय मोठा असण्याचे कारण नाही. घाटकोपरच्या आपल्याच गल्लीत किती पावसाला किती पाणी चढते, हा विषय पुरेसा आहे. पालकांना विनंती अशी की, मुलांना केवळ 'कॉम्प्युटर शीक' असे सांगू नका. गणित पक्के करा, पदार्थविज्ञान पक्के करा, आणि काम वाटून घेण्याची सवय लावा. यंत्र ताशी भाड्याने मिळते. ही तीन भाड्याने मिळत नाहीत.

त्या रात्री मरोळच्या घरात आम्ही नऊ अनोळखी माणसे होतो. कोणी पाणी उपसत होते, कोणी खिचडी ढवळत होते, कोणी म्हाताऱ्यांना माळ्यावर चढवीत होते. कोणी कोणाला आज्ञा केली नव्हती. समांतर संगणनावर मी पुढे पुष्कळ ग्रंथ वाचले. पण तो विषय मला प्रथम कळला तो तेथे.

 बाहेर पंगत मांडली आहे आणि वाढणारे हात भरपूर आहेत. मात्र भात एकाच चुलीवर आहे, तेव्हा अ‍ॅमडालचे स्मरण ठेवून थोडा धीर धरावा, अशी विनंती करून आपली रजा घेतो.